नळीवरचा आकडा आणि आतली मापं: बांधून घेतलेल्या रायफलसाठी काडतूस आणि चेंबर कसं ठरवतात

एप्रिल २०२२मध्ये अमेरिकी सैन्याने पायदळाच्या नव्या रायफलचं कंत्राट सिग सॉअर कंपनीला दिलं आणि तिच्याबरोबर ६.८×५१ हे नवं काडतूस चर्चेत आलं. त्याच्या कमाल दाबाचा ८०,००० पीएसआय हा आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड भार पडतो ते माप. नेहमीच्या .३०८ विंचेस्टरची मर्यादा ६२,००० आहे, यावरून फरकाचा अंदाज येईल.

तेव्हापासून परवाना असलेले हौशी नेमबाज एक प्रश्न हमखास विचारतात. या नव्या काडतुसाचं बूड .३०८एवढंच, लांबीही जवळजवळ तेवढीच. मग माझ्या .३०८च्या रायफलवर नुसती नळी बदलून हेच काडतूस का वापरू नये? बोल्टमध्ये (काडतूस मागून दाबून धरणाऱ्या पोलादी दांड्यात) बसतंय, मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) बसतंय, मग अडलंय कुठे?

अडलंय ते 'बसतंय' याच शब्दापाशी. काडतूस रायफलमध्ये बसणं, ते तिथे सुरक्षितपणे उडणं आणि त्यातून हवी ती अचूकता मिळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रायफल बांधून घेताना होणारे बहुतेक घोळ या तिन्हींची सरमिसळ झाल्याने होतात.

आधी थोडी ओळख

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला, ठोक्याने पेटणारा प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडात आवळून बसवलेली गोळी. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो, पण या लेखात गोळी म्हणजे फक्त नळीतून उडून जाणारा तुकडा.

चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला कोरलेली, काडतूस सामावून घेणारी पोकळी. ती ज्या हत्याराने कोरतात त्याला रीमर म्हणतात. चेंबरचा आकार बाटलीसारख्या पुंगळीला जुळणारा असतो: मागे रुंद अंग, मग उतरता खांदा, मग अरुंद मान. मानेच्या पुढे एक गुळगुळीत टप्पा येतो, त्याला थ्रोट म्हणतात. तिथे चऱ्या अजून सुरू झालेल्या नसतात आणि गोळीचा पुढचा भाग त्यात असतो. थ्रोट संपला की नळीतल्या पीळदार चऱ्या गोळीला पकडतात आणि फिरवायला लागतात.

चाप ओढल्यावर पिन प्रायमरवर आदळते, दारू पेटते आणि पुढच्या एक-दोन मिलिसेकंदांत सगळं आटोपतं. एवढा दाब पातळ पितळ स्वतः सोसू शकत नाही. ते फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं, वायूला मागे येण्याची वाट बंद करतं आणि दाब उतरल्यावर जरासं आकसून मोकळं होतं. खरा भार घेतं ते चेंबरचं आणि बोल्टचं पोलाद. म्हणून चेंबर कुठे सैल आहे, कुठे घट्ट आहे आणि त्याच्या मागचा बोल्ट किती पेलू शकतो, यावर पितळ टिकणार की फाटणार हे ठरतं.

ही मापं कुणाच्या मर्जीवर नसतात. अमेरिकेत १९२६ साली स्थापन झालेली सामी ही उत्पादकांची संस्था आणि युरोपात १९१४पासूनचा सीआयपी हा आंतरराष्ट्रीय आयोग, या दोन संस्था प्रत्येक मान्य काडतुसाची कमाल मापं, चेंबरची किमान मापं आणि दाबाची मर्यादा प्रसिद्ध करतात. हेतू साधा आहे. एका कारखान्यातलं मापात सगळ्यात जाडं काडतूसही दुसऱ्या कारखान्यातल्या सगळ्यात तंग चेंबरमध्ये गेलं पाहिजे.

नावातल्या आकड्यावर विसंबू नये

.३०८ विंचेस्टरची गोळी खरोखरच .३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिमी जाडीची असते. .३०३ ब्रिटिशची मात्र .३११ ते .३१२ इंच. .२७० विंचेस्टरची .२७७, .२६० रेमिंग्टनची .२६४. काही नावं नळीतल्या चऱ्यांच्या उंचवट्यांमधलं अंतर सांगतात, काही खोलगट भागांमधलं, आणि काही फक्त विक्रीसाठी गोंडस केलेली असतात. .३०-०६मधला ०६ हे १९०६ साल आहे, .३०-३०मधला दुसरा ३० दारूचं मूळ वजन ग्रेनमध्ये सांगतो आणि .२५०-३०००मधला ३००० हा सेकंदाला इतके फूट असा वेग आहे. (एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम.) नावावरून काडतूस ओळखता येतं, मोजता येत नाही.

सुरुवात गोळीपासून

रायफल बांधून घेणारे बहुतेक जण आधी काडतुसाच्या नावाच्या प्रेमात पडतात आणि मग त्यात कुठली गोळी मावते ते बघतात. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. किती अंतरावर, कशावर नेम धरायचा ते ठरवा, त्याला लागणारी गोळी ठरवा आणि तिथून मागे मागे येत चेंबरपर्यंत पोचा.

दोन नेहमीच्या गोळ्या घेऊ. .३०८मधून उडणारी १६८ ग्रेनची स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने निघते आणि हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर गाठण्याच्या आतच आवाजाच्या वेगापर्यंत मंदावते. त्या टप्प्यावर तिच्याभोवतीची हवा डहुळते, गोळी डुलायला लागते आणि गट, म्हणजे निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका, पसरतो. ६.५ मिमीची १४० ग्रेनची लांब, निमुळती गोळी सुटते जवळपास त्याच वेगाने, पण हवा चांगली कापत असल्याने हजार यार्डांच्या बरीच पुढेही आवाजापेक्षा वेगात असते. आडव्या वाऱ्याने ती .३०८च्या गोळीच्या मानाने पाव ते एक-तृतीयांश कमी सरकते.

मग सरळ ६.५च का नाही? ज्याची रेंज ३०० मीटरवर संपते त्याला हा फरक फारसा जाणवणार नाही आणि त्याची किंमत मात्र मोजावी लागेल. किंमत काय ते पुढे येईलच.

पीळ किती हवा

चऱ्यांना पीळ असतो आणि तो इंचात सांगतात. '८चा पीळ' म्हणजे गोळी ८ इंच पुढे जाताना स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते. आकडा जितका लहान तितका पीळ जास्त. बुटका भोवरा थोड्या वेगातही उभा राहतो, उंच भोवऱ्याला जास्त गती लागते. गोळीचंही तसंच. म्हणून वजनापेक्षा तिची लांबी महत्त्वाची. तांब्याची गोळी शिशाच्या तितक्याच वजनाच्या गोळीपेक्षा लांब असते आणि तिला जास्त पीळ लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९मध्ये दिलेलं सूत्र अजून कच्च्या अंदाजाला पुरतं: गोळीच्या व्यासाचा वर्ग, गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. .३०८ची १६८ ग्रेनची गोळी सुमारे ३१ मिमी लांब आहे. ७.८२चा वर्ग ६१. गुणाकार-भागाकार केला की २९६ मिमी येतात, म्हणजे पावणेबारा इंच. .३०८च्या कितीतरी नळ्यांना १२चा पीळ असतो तो उगीच नाही. ६.५ची लांब गोळी ३५ मिमीच्या आसपास. तिचं उत्तर १९३ मिमी, साधारण साडेसात इंच. हीच गोळी वापरणाऱ्या ६.५ क्रीडमोर या काडतुसाचा प्रमाण पीळ ८ आहे. वेगवान गोळ्यांसाठी १५०च्या जागी १८० घेण्याची पद्धत आहे, त्यामुळे ८चा पीळ तिला आरामात पुरतो.

पीळ चुकला की काय होतं त्याचा धडा एम-१६ रायफलने दिला आहे. तिच्या सुरुवातीच्या नळ्यांना १४चा पीळ होता. कडाक्याच्या थंडीत, दाट हवेत गोळी नीट स्थिर राहीना म्हणून तो १२ केला. पुढे नाटोची एसएस१०९ ही लांब गोळी आली, तिला १२सुद्धा अपुरा पडला आणि एम-१६ए२ला ७चा पीळ दिला गेला. १२च्या नळीतून एसएस१०९ मारून पाहिली तर कागदावर गोल भोकांऐवजी लांबुळकी भोकं दिसतात. गोळी आडवी होऊन कागदातून गेलेली असते.

मग सगळ्यात जास्त पीळ घेऊन निर्धास्त व्हावं का? थोडा जास्त घेतला तर नुकसान नगण्य. पण फार जास्त पिळाच्या नळीतून पातळ आवरणाची हलकी गोळी प्रचंड वेगाने मारली तर ती फिरण्याच्या जोराने हवेतच फाटू शकते.

मॅगझिन किती लांब आहे?

लांब गोळी निवडली की पहिली धडक बसते मॅगझिनला. .३०८च्या घराण्यासाठी बनलेल्या आखूड ॲक्शनचं मॅगझिन आतून साधारण ७२-७३ मिमी लांब असतं. (ॲक्शन म्हणजे बोल्ट, तो ज्यात मागे-पुढे सरकतो तो पोलादी सांगाडा आणि बाकीची यंत्रणा.) काडतूस त्याहून लांब झालं तर मॅगझिनमध्ये जाणारच नाही आणि एकेक करून हाताने भरावं लागेल. गोळी खाली ढकलून काडतूस आखूड करावं, तर गोळीचं बूड पुंगळीत दारूची जागा खातं आणि गोळीच्या टोकाचा वक्राकार भाग पुंगळीच्या तोंडात येतो. तिथे मान तिला पकडूच शकत नाही.

६.५ क्रीडमोरची गोष्ट इथेच घडते. १९९७ साली .२६० रेमिंग्टन बाजारात आलं. .३०८ची मान आवळून ६.५ केलेलं, उत्तम काडतूस. पण त्याची पुंगळी ५१.७ मिमी लांब, त्यामुळे लांब गोळ्यांना आखूड मॅगझिनमध्ये जागा कमी पडायची. २००७मध्ये हॉर्नाडी कंपनीने क्रीडमोर आणलं. गोळी तीच, पण पुंगळी ४८.८ मिमी. खांदा .३०८च्या २० अंशांऐवजी ३० अंशांचा ठेवल्यामुळे आखूड पुंगळीतही दारूची जागा फारशी घटली नाही. थ्रोटही आधीपासूनच लांब गोळ्या डोळ्यासमोर ठेवून आखला. दारूची ताकद दोघांची जवळपास सारखीच, पण ३ मिमीच्या फरकाने नवं काडतूस जुन्याच्या पुढे निघून गेलं. .२६० वाईट कधीच नव्हतं. एक-एक काडतूस हाताने भरणाऱ्याला किंवा थोडं लांब मॅगझिन वापरणाऱ्याला ते आजही तितकंच साथ देतं. काडतूस चांगलं की वाईट हा प्रश्न एकट्या काडतुसाचा नसतो, असं मी म्हणतो ते यामुळे.

आहे त्या ॲक्शनवर काय काय चालतं

बोल्टच्या तोंडाची खोबण पुंगळीच्या बुडाच्या मापाची असते. .२२३चं बूड ९.६ मिमी, .३०८ आणि .३०-०६चं १२ मिमी, बहुतेक मॅग्नम काडतुसांचं १३.५ मिमी. यातलं १२ मिमीचं माप १८८८च्या जर्मन लष्करी काडतुसापासून चालत आलेलं आहे. माउझर घराण्यामार्फत ते .३०-०६मध्ये आणि तिथून १९५२च्या .३०८मध्ये उतरलं. म्हणून .३०८ची ॲक्शन हाताशी असेल तर .२४३, ७एमएम-०८, .२६०, ६.५ क्रीडमोर हे सगळं नुसती नळी बदलून शक्य आहे. बोल्ट तोच आणि बहुतेक वेळा मॅगझिनही तेच.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ६.८×५१ही या १२ मिमीच्या घराण्यातलंच आहे, बसतं खरं. पण ८०,००० पीएसआय हे .३०८च्या मर्यादेपेक्षा जवळजवळ ३० टक्के जास्त आहेत. तो दाब पेलण्यासाठी त्या काडतुसाच्या पुंगळीचं बूडसुद्धा पितळेचं ठेवलेलं नाही. बूड पोलादाचं आणि अंग पितळेचं अशी ती जोडून बनवतात. पुंगळीलाच वेगळा धातू लागला, तर मागचा बोल्ट आणि त्याला जागेवर अडकवून धरणारे कुलूपदात जुन्याच दाबाच्या हिशेबाने बनलेले असून चालतील, असं गृहीत धरायला कसलाच आधार नाही. ॲक्शन बनवणाऱ्याने त्या दाबासाठी लेखी मान्यता दिली असेल तरच पुढचं बोलावं. पूर्ण पितळी पुंगळीतलं, कमी दाबाचं भरलेलं हेच काडतूसही मिळतं. पण ते वापरायचं तर जुन्या, भरवशाच्या ७एमएम-०८पेक्षा हाती जास्त काय लागलं, हे स्वतःला विचारावं.

हेडस्पेस: एक दशांश मिलिमीटरचा मामला

बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतच्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. बाटलीच्या आकाराच्या, बुडाला बाहेर आलेला काठ नसलेल्या काडतुसात ते खांद्यावरच्या एका ठरावीक वर्तुळापर्यंत मोजतात. काठाच्या काडतुसात (.२२ किंवा .३०३सारख्या) काठाच्या जाडीवर, पट्टा असलेल्या मॅग्नममध्ये पट्ट्यावर.

ते तपासायला घोटीव पोलादाचे दोन गेज असतात. .३०८साठी 'गो' गेज ४१.४० मिमीचा आणि 'नो-गो' ४१.५० मिमीचा. कारागीर आधी बोल्टमधली पिन आणि पुंगळी बाहेर फेकणारी स्प्रिंग काढून ठेवतो, म्हणजे हाताला दुसरा कुठलाच अडथळा लागत नाही. मग गो गेज चेंबरमध्ये सरकवून बोल्टचं हँडल एका बोटाने खाली आणतो. ते विनासायास पूर्ण खाली गेलं पाहिजे. नो-गो घातल्यावर तेच हँडल वाटेत अडलं पाहिजे. दोन्ही झालं तर चेंबर मापात आहे. जोर लावून बघायचा नसतो, कारण बोल्टची तरफ इतकी जोरकस असते की दामटलं तर गेज आणि चेंबर दोन्ही बिघडतात.

अंतर जास्त झालं की बार उडताना पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला चिकटतो आणि बूड मागे बोल्टकडे ताणलं जातं. बुडाच्या जरा वर पितळ आतून पातळ होत जातं आणि एक दिवस तिथून दोन तुकडे होतात. पुंगळ्या पुन्हा भरून वापरणारे लोक म्हणूनच टोक वाकवलेली एक तार आत घालून भिंतीवरून फिरवतात. बुडाजवळ तार खाचेत अडकल्यासारखी लागली तर ती पुंगळी कचऱ्यात.

'५.५६ आणि .२२३ एकच ना?'

बाहेरून जवळजवळ एकच. चेंबर मात्र वेगळं. लष्करी ५.५६चा थ्रोट लांब आणि किंचित रुंद असतो. .२२३चा आखूड आणि नेटका. लष्करी काडतूस .२२३च्या आखूड थ्रोटमध्ये उडवलं तर गोळीला मोकळी धाव मिळत नाही आणि दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. सामीच्या असुरक्षित जोड्यांच्या यादीत ही जोडी आहे. उलट, .२२३चं काडतूस ५.५६च्या चेंबरमध्ये सहसा बिनधोक चालतं, फक्त अचूकता थोडी घटते. दोघांच्या दाबाचे छापील आकडे शेजारी ठेवून वाद घालणारे खूप भेटतात. त्यात अर्थ नाही, कारण दाब मोजण्याची जागाच दोन्ही पद्धतींत निराळी आहे.

दोन्ही वापरायची असतील तर .२२३ वाइल्ड हे चेंबर आहे. बिल वाइल्ड यांनी आखलेल्या या चेंबरात थ्रोट लष्करी मापाइतका लांब, पण रुंदीला तंग असतो. बांधून घेतलेल्या नळ्यांसाठी मला तरी हाच पर्याय सगळ्यात समंजस वाटतो.

याहून भयंकर गोंधळ .३०० ब्लॅकआउटचा. सामीने २०११मध्ये मान्य केलेलं हे काडतूस मुद्दामच .२२३ची पुंगळी कापून, तोच बोल्ट आणि तेच मॅगझिन चालेल असं बनवलं. त्यामुळे त्याची काही काडतुसं ५.५६च्या चेंबरमध्येही जातात, बोल्ट बंदही होतो. मग .३०८ इंचाची गोळी .२२४च्या नळीत घुसू पाहते आणि रायफल फुटते. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी मॅगझिनवर ठळक खूण करावी आणि दोन्ही काडतुसं एका वेळी रेंजवर नेऊच नयेत.

'घट्ट चेंबर म्हणजे जास्त अचूक, हे तरी खरं ना?'

अर्धं खरं. काडतूस चेंबरमध्ये जितकं कमी हलेल तितकी गोळी नळीच्या मध्यरेषेत सुरुवात करते. लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी १९७५मध्ये बनवलेलं ६ पीपीसी हे काडतूस बेंचरेस्ट स्पर्धेत, म्हणजे टेबलावर टेकवून अगदी बारीक गट मारण्याच्या खेळात, वर्षानुवर्षं वरचढ राहिलं. त्याच्या चेंबरांची मान मुद्दाम अरुंद कोरतात.

त्यासोबत येणारी अट विसरली जाते. अशा चेंबरसाठी प्रत्येक पुंगळीची मान बाहेरून तासून पातळ करावी लागते. न तासलेली पुंगळी आत कोंबली तर बार उडताना मानेला फुगायला जागाच नसते, ती गोळी सोडत नाही आणि दाब एकदम चढतो. शिवाय धूळ, चिखल, पाऊस यांत तंग चेंबर अडकतं. स्पर्धेच्या टेबलावर ते शोभतं. रानात किंवा वाळूत वापरायच्या रायफलला प्रमाण मापाचं, नीट मध्यात कोरलेलं चेंबरच हवं. 'नीट मध्यात' हे शब्द महत्त्वाचे. तिरपं कोरलेलं घट्ट चेंबर सरळ कोरलेल्या सैल चेंबरपुढे हरतं.

'मोठं काडतूस घेतलं की प्रश्नच मिटला!'

इथे ती राहिलेली किंमत. जळत्या दारूचा झोत थ्रोटमधलं पोलाद भाजून काढतो. नळी झिजते ती तिथून, तोंडाकडून नव्हे. ६.५ मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ .३०८च्या भोकापेक्षा सुमारे २६ टक्के कमी, पण त्यातून जाणारी दारू जवळजवळ तेवढीच. परिणामी .३०८ची चांगली नळी ५,००० बार किंवा त्याहून जास्त अचूक राहते असं मानतात, तर ६.५ क्रीडमोरची २,००० ते ३,०००. .२६४ विंचेस्टर मॅग्नमसारखं, त्याच ६.५च्या भोकातून ६० ग्रेनहून जास्त दारू जाळणारं काडतूस हजाराच्या आसपासच दम टाकतं. तापलेल्या नळीतून भराभर मारलं तर हे आकडे आणखी खाली येतात.

खांद्यालाही हिशेब चुकवावा लागतो. ३.६ किलोच्या रायफलीत .३०८चा धक्का साधारण २२-२३ ज्यूल, ६.५ क्रीडमोरचा १७-१८ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा ४०च्या वर भरतो. धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटणारा नेमबाज कुठल्याही मॅग्नमने सुधारत नाही.

वाइल्डकॅट: कुणाच्याच यादीत नसलेली काडतुसं

प्रमाण पुंगळी घेऊन तिची मान किंवा खांदा बदलून बनवलेल्या, कुठल्याही संस्थेने न नोंदवलेल्या काडतुसाला वाइल्डकॅट म्हणतात. पी. ओ. ॲकली यांची 'इम्प्रूव्हड' मालिका यात प्रसिद्ध. अंग कमी निमुळतं, खांदा ४० अंशांचा, थोडी जास्त दारू. साधं काडतूस त्या चेंबरमध्ये उडवलं की पुंगळी फुगून नवा आकार घेते. ऐकायला मजा वाटते. पण कारखान्यात भरलेली काडतुसं सहसा मिळत नाहीत, भरण्याचे साचे मुद्दाम करून घ्यावे लागतात आणि दाबाची तपासलेली माहिती तुटपुंजी असते. ज्या देशांत सीआयपीचे नियम आहेत तिथे रायफलच्या प्रत्येक चेंबरची कमाल दाबापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त दाबाच्या काडतुसाने सरकारी चाचणी होते. ज्या काडतुसाची मर्यादाच ठरलेली नाही त्याची चाचणी कशी घ्यायची, हा मुद्दा तिथे निघतोच. वर्षाला शंभर-दोनशे बार मारणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा तर आहेच. काही देशांत सैन्यात चालणारी काडतुसं नागरिकांना वर्ज्य असतात, काही ठिकाणी परवान्यावर काडतुसाचं नाव लिहिलेलं असतं आणि नळी बदलली की परवानाही बदलून घ्यावा लागतो. नळीची ऑर्डर देण्याआधी परवान्याचा कागद वाचून घ्यावा.

कारागिराला नेमकं काय सांगायचं

नुसतं '६.५ क्रीडमोर करून द्या' म्हणालात तर कारागिराच्या कपाटात जो रीमर असेल त्याने चेंबर कोरलं जाईल. बहुतेकांना ते पुरतंही. कारखान्यातली काडतुसंच वापरणार असाल तर प्रमाण मापाचा रीमर मागा आणि विषय तिथेच संपवा.

स्वतः काडतुसं भरणार असाल तर एक निर्जीव नमुना करून द्या: प्रायमर नाही, दारू नाही, फक्त तुम्ही वापरणार ती पुंगळी आणि तुमची आवडती गोळी, मॅगझिनमध्ये मावेल त्या कमाल लांबीवर बसवलेली. कारागीर त्यावरून गोळी चऱ्यांपासून किती दूर राहील ते मोजतो आणि लागलाच तर थ्रोट तेवढा पुढे कोरतो. थ्रोट वाढवता येतो. कमी करायचा तर नळी मागून कापून चेंबर नव्याने कोरावं लागतं, म्हणून आधी कमीच कोरायला सांगावं. क्रीडमोरच्या पुंगळ्यांत लहान प्रायमरच्या आणि मोठ्या प्रायमरच्या अशा दोन जाती मिळतात. एकच धरून ठेवा, नाहीतर एका जातीसाठी जमवलेला दारूचा हिशेब दुसरीला लागू पडणार नाही.

काम झाल्यावर कारागिराकडून रीमरच्या मापांचा नकाशा मागून घ्या आणि चेंबरची मान प्रमाणापेक्षा तंग असेल तर तिचा व्यास नळीवर कोरून घ्या, कारण उद्या रायफल दुसऱ्याच्या हाती गेली तर त्याला ही एकच खूण सावध करू शकते. नमुन्याचं काडतूस त्या नकाशासोबत जपून ठेवा. दोन-तीन हजार बारांनंतर नळी बदलायची वेळ येईल तेव्हा त्याच रीमरने दुसरं चेंबर कोरून घेतलं तर साचे तेच चालतात, पुंगळ्याही बहुधा तशाच चालतात. दारूचं प्रमाण मात्र नव्या नळीसाठी पुन्हा खालून सुरू करून तपासायचं.